कान लावून बसलेले भाऊ

सावरगावात इंजिनेरभाऊंचं घर कोणीही दाखवेल. भाऊ नेमकं काय काम करतात हे मात्र विचारू नका. त्यांच्या बाबांनी त्यावर आपल्यापुरता एक तोडगा काढला आहे. ‘कम्प्युटरची खोड काढते,’ असं सांगून ते संत्र्याच्या भावाकडे वळतात.

जाम नदीच्या एका काठाला सावरगाव, दुसऱ्या काठाला पांढुर्णा. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर तालुका त्यात आला, जिल्ह्याच्या कामासाठी लोकांचे छिंदवाड्याचे हेलपाटे वाचले. जिल्हा घोषित होऊन कलेक्टर खुर्चीवर बसले. भाऊ त्याच्या आधीपासून एक्सडीबग बसवत आहेत.

एक्सडीबग हे पीएचपी भाषेत लिहिलेल्या वेबसाइटींची तपासणी करणारं हत्यार. डेरिक रेथान्स या डच माणसानं ते लिहिलं, २००२ पासून ते चालू आहे आणि फुकट मिळतं. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून कोणत्या डब्यात काय भरलंय ते ते दाखवतं. शिवाय कोणत्या फंक्शनने किती वेळ खाल्ला याची चोपडीही लिहून ठेवतं. साध्या माणसाला ते बसवायला फार तर एक दुपार लागते. पण भाऊ साधे नाहीत.

भाऊंकडे आलेलं काम मात्र साधं होतं. पांढुर्ण्याच्या एका संत्र्याच्या आडत्याचं बिलांचं ॲप. सकाळी मुनीम बिलांची यादी उघडतो आणि ती उघडता उघडत नाही. ‘भाऊ, पेज उघडते तवापर्यंत मी सौंसरले जाऊन येतो,’ असा शेठचा फोन आला. दुसरा कोणी असता तर त्यानं ते पान उघडून पाहिलं असतं. भाऊ म्हणाले, ‘शेठ, अंदाजानं हात लावत नसतो मी. आधी मोजू.’ इथपर्यंत भाऊंचं शंभर टक्के बरोबर होतं, हे मी कोर्टातही सांगेन.

मोजायचं तर आधी जोडणी हवी. भाऊंनी पीएचपीच्या सेटिंगांची फाइल, पीएचपी डॉट आयएनआय, उघडली, ओळी लिहिल्या, काही झालं नाही. पुन्हा लिहिल्या. शेवटी कळलं की अशा फायली दोन असतात, एक काळ्या खिडकीत हुकूम देण्यासाठी, दुसरी वेबसर्व्हरसाठी, आणि भाऊ इतका वेळ पहिलीची मशागत करत होते. खरी फाइल कोणती हे पीएचपी-इन्फोच्या पानावर अगदी वरच छापलेलं असतं. पण वरचं वाचून खाली जाणं हा भाऊंचा पिंड नव्हे. ते खालून सुरू करतात.

मग पोर्टाचा अध्याय. तो आठवला की वहिनी अजूनही कपाळाला हात लावतात. जुनं एक्सडीबग ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, बोलायचं. पीएचपी चालवणारं पीएचपी-एफपीएमही त्याच ९००० वर बसायचं, दोघांची धक्काबुक्की व्हायची. म्हणून २०२० च्या नोव्हेंबरात तिसरी आवृत्ती आली तेव्हा एक्सडीबगनं आपलं बिऱ्हाड ९००३ वर हलवलं. सेटिंगांची नावंही बदलली. भाऊंकडची टिपणं जुनी, हत्यार नवं. त्यात सर्व्हर डॉकरच्या डब्यात, म्हणजे संगणकातल्या वेगळ्या कप्प्यात. त्या डब्यातून ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की डबा स्वतःलाच हाक मारतो, भाऊंच्या लॅपटॉपला नाही. बरेच दिवस सर्व्हर स्वतःच्याच दारावर थापा मारत होता आणि भाऊ इकडे ९००३ ला कान लावून बसले होते.

यात खरी गोम अशी, की जोडणी उलटी असते. सगळ्यांना वाटतं आपण सर्व्हरकडे जातो. प्रत्यक्षात सर्व्हर आपल्याकडे येतो, आणि आपण नुसतं ऐकत बसायचं असतं. भाऊंना हे कळलं तो दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा होता. म्हणजे गोटमारीचा. नदीच्या पात्रात पळस रोवलेला, त्यावर झेंडा, दोन्ही काठांवर माणसं आणि दगड. एका काठाचा मुलगा आणि दुसऱ्या काठाची मुलगी पळून गेल्याची कथा या खेळामागे सांगतात. प्रशासन दरवर्षी जमावबंदी लावतं, एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तरी दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. (माझं मत विचाराल तर चेंडूच बरे होते, पण मला विचारतो कोण.) अशा दिवशी भाऊ आनंदाच्या भरात ओट्यावर आले आणि नदीकडे निघालेल्या काकांना थांबवून म्हणाले, ‘काका, आपण तिकडं जाचंच नाई! थे तिकडून आपल्याकडं येते. आपण इकडं फक्त तयार राहाचं.’

काका म्हणाले, ‘मले काय सांगतं बाप्पा. सत्तर वर्षं झाले, तिकडूनच येऊन राह्यले गोटे.’

त्या संध्याकाळी जोडणी लागली. लाल ठिपक्यावर प्रोग्राम थांबला. भाऊंनी वहिनींना बोलावून दाखवला. ‘थांबलं!’ ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, ‘आधीबी थांबूनच होतं ना?’

आता वेळ मोजायचा. एक्सडीबगचे ‘मोड’ असतात: डीबग, प्रोफाइल, ट्रेस, कव्हरेज वगैरे. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं अशी सोय आहे. भाऊंनी स्वल्पविराम देऊन सगळेच घेतले. लग्नाच्या पंगतीतही त्यांचा हाच बाणा असतो. प्रोफाइल मोड चालू असला की आपण वेगळं काही सांगितलं नाही तर तो आलेल्या प्रत्येक विनंतीची एक फाइल लिहितो, कॅशग्राइंड नावाची. ‘फक्त ट्रिगर (म्हणजे आपण पाठवलेली खूण) असेल तेव्हाच’ अशी एक ओळ लिहिली की हे थांबतं. भाऊंनी ती लिहिली नाही, कारण पुरावा कमी पडायला नको. दोन दिवसांत डिस्क भरली. शेठचा फोन आला, ‘भाऊ, आता तर पेज उघडतबी नाई.’ भाऊ म्हणाले, ‘शेठ, हेच तर मोजून राह्यलो.’

अखेर डिस्क रिकामी झाली, ट्रिगरची ओळ पडली, एक फाइल निघाली. अशा फायली वाचणाऱ्या क्यूकॅशग्राइंडमध्ये उघडल्यावर रंगीत चौकोनांची नक्षी आली आणि त्यात एक चौकोन इतका मोठा की चष्मा नसलेल्या बाबांनाही दिसला. प्रकार असा होता की ॲप आधी बिलांची यादी आणायचं, आणि मग प्रत्येक बिलावरच्या शेतकऱ्याचं नाव विचारायला पुन्हा डेटाबेसकडे जायचं. चारशे बिलं तर चारशे एक फेऱ्या. सगळी नावं एकाच खेपेत आणली की काम झालं. दोन ओळींचा बदल.

कोणालाही वाटेल, गोष्ट संपली. भाऊंना मात्र खुर्चीत अस्वस्थ वाटू लागलं. ‘हा आकडा खरा कशावरून?’

त्यांचा मुद्दा खोटा नाही, हीच तर पंचाईत आहे. मोजणारं हत्यार स्वतःही वेळ खातं. प्रत्येक फंक्शनच्या आत-बाहेर ते नोंद करतं, म्हणून जे फंक्शन छोटं पण हजारदा बोलावलं जातं ते उगाच आळशी दिसतं. भाऊंनी हे बाबांना बागेच्या भाषेत सांगितलं: तोडणीवाल्या प्रत्येक मजुराला दर संत्र्यामागं वहीत सही करायला लावली तर तोडणी तर मंदावेलच, शिवाय लहान संत्री तोडणारा बिचारा सगळ्यात कामचुकार ठरेल.

बाबा म्हणाले, ‘मंग वही बंद कर.’

भाऊंनी वही बंद केली नाही. वहीला किती वेळ लागतो हे मोजण्यासाठी त्यांनी दुसरी वही काढली. हल्ली ते त्याच जोडणीत आहेत. मोठ्या चौकोनाबद्दल विचारलं तर म्हणतात, ‘थो कुठं पळून जाते?’

आंबिया बहाराची तोडणी आली, मंडीत माल वाढला, बिलंही वाढली. आडत्याच्या मुनिमानं स्वतःपुरता मार्ग काढला. तो सकाळी दुकान झाडायच्या आधी यादी उघडायला लावतो आणि दिवसभर ते पान बंद करत नाही.

तेव्हा कोणाला एक्सडीबग बसवून घ्यायचं असेल तर त्यानं थेट सावरगाव गाठावं. पोर्ट, डॉकर, ट्रिगर, सगळं भाऊ चहा पाजून समजावतील आणि त्यात एकही चूक निघणार नाही. पान लवकर उघडायला हवं असेल तर दुसरा माणूस बघा.