पुराआधी बांधायची जीप : नवशिक्यांसाठी

कोल्हापुरात राहायचं तर पावसाळ्यात दोन आकडे तोंडपाठ असावे लागतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ती 55 फुटांच्याही वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला आणि गावात पेट्रोल, डिझेल, भाजी सगळ्याचीच मारामार झाली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून बऱ्याच कर्त्या पुरुषांच्या डोक्यात एक विचार घर करून बसला आहे : आपल्याकडे एक जुनी फोर बाय फोर जीप पाहिजे होती. ज्यांच्या डोक्यात हा विचार पाणी ओसरल्यावरही टिकला, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांच्या डोक्यातून तो गेला, त्यांनी एव्हाना माळ्यावर दोरखंड, टॉर्च आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन ठेवले असतील. त्यांनी पुढे वाचून वेळ घालवू नये.

पायरी पहिली : घरची मंजुरी

जीपची खरी किंमत घरी सांगू नये, निम्मी सांगावी. खोटं बोलावं लागत नाही, कारण नुसत्या गाडीची किंमत खरोखरच एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी असते. अडचण वेगळीच असते. बायको शांतपणे विचारते, "अहो, पुरात आपली गाडी कुठं बुडाली होती? बुडालं ते खालचं कपाट. ते आधी वर न्या की." या प्रश्नाला आजवर कुणालाही उत्तर सापडलेलं नाही. म्हणून विषय पाहुणे घरात असताना काढावा.

पायरी दुसरी : कोणती घ्यावी

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या काढल्या. 1949 मध्ये महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिसच्या जीप जोडायला घेतल्या आणि पुढची कित्येक दशकं तहसीलदार, शेतकी अधिकारी, साखर कारखान्याचे चेअरमन आणि निवडणुकीतला कर्णा हे सगळे त्याच एका आकारात बसून फिरले. साहजिकच प्रत्येक तालुक्यात कुणाच्या तरी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली एक जीप असतेच. मालकाला विचारलंत तर तो म्हणेल, "विकायची न्हाई." ही किंमत ठरवण्याची सुरुवात समजावी.

हाय बॉनेटवाली सीजे-3बी दिसायला देखणी. तिचं नाक उंच आहे ते ऐटीसाठी नव्हे, आतलं हरिकेन इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना म्हणून. पण ती पेट्रोलवर चालते आणि पुरात पेट्रोल शोधणं हा स्वतंत्र उद्योग आहे. एमएम 540 मध्ये प्यूजोचं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन असतं. ते वेग धरत नाही, पण तक्रारही करत नाही. काहींत एमडीआय इंजिन सापडतं. ते मुळात इंटरनॅशनलच्या बी-275 ट्रॅक्टरच्या कुळातलं, त्यामुळे आवाजावरून गाडी येतेय की नांगरट चाललीय हे शेजाऱ्यांना कळत नाही. जिप्सी हलकी आणि चिखलात भलती चपळ, पण तीही पेट्रोलचीच. लष्कराच्या लिलावातली जोंगा मात्र नवशिक्यांनी लांबूनच पाहावी. जबलपूरच्या कारखान्यातली ही सहा सिलिंडरची गाडी पुरातून तुम्हाला बाहेर काढेल यात शंका नाही, फक्त पेट्रोलच्या टाकीनं काठ गाठेपर्यंत दम धरला पाहिजे.

एक सूचना मात्र गंभीरपणे. जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते. आपल्याकडे वडापला धावलेल्या कमांडरांपैकी बहुतेकींची पुढची चाकं नुसती वळायच्या कामाची. वाकून बघा : पुढच्या दोन चाकांच्या मध्येही मागच्यासारखा डिफरन्शियलचा गोळा लटकतोय का? नसेल तर विकणारा कितीही "फोर बाय फोरच हाय मालक" म्हणाला तरी चहा पिऊन निघावं.

पायरी तिसरी : पाहणी

सोबत एक लोहचुंबक आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या. चुंबक दारावर, मडगार्डवर, फुटबोर्डवर फिरवा. जिथं तो चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. काही जीपवर चुंबक असा काही घरंगळतो, की गाडी लोखंडाची आहे ही आपली समजूतच होती असं वाटावं. पत्र्याचं फार मनावर घेऊ नये, तो पुन्हा लावता येतो. खरा प्रश्न चेसिसचा. गाडीखाली झोपा, मागच्या पाट्यांचे हँगर जिथं चेसिसला बसतात तिथली माती खरवडा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणटण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर आतून गंज खाऊन गेलाय. स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर तो तिथंच राहू द्या आणि दुसरी गाडी बघा.

मग गियर ऑइलचा नट सैल करून बोटावर थेंब घ्या. काळं चालेल. दुधाच्या चहासारखं दिसलं तर ही गाडी आधीच एकदा पुरात जाऊन आलेली आहे. म्हणजे अनुभवी आहे, असंही म्हणता येतं. विकणारे म्हणतातही.

पायरी चौथी : मिस्त्री

याबाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. फाउंड्री आणि लेथच्या या गावात उद्यमनगरात गेलात तर न मिळणारा पार्ट मिळत नाही, बनतो. किंगपिन, बुश, ट्रान्सफर केसचा एखादा गियरसुद्धा नमुना दाखवला की कुणीतरी काढून देतो. मिस्त्री निवडताना गॅरेजची झाडलोट बघू नये, मागच्या कोपऱ्यात किती जीप उभ्या आहेत ते बघावं. जास्त असतील तर तो जाणकार आहे. त्या किती वर्षं उभ्या आहेत हे विचारू नये.

"मिस्त्री, कधी मिळेल?"

"गणपतीच्या आधी देतो की, मालक."

कोणत्या गणपतीच्या, हे विचारायची पद्धत नाही. एरवी महापूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो आणि गणपती त्यानंतर, हे नवशिक्याच्या लक्षात यायला एक पावसाळा जातो.

पायरी पाचवी : इंजिन

एवढं एक काम स्वतः शिकून घ्यावं, कारण ते रस्त्यात करावं लागणारच : डिझेलमध्ये धरलेली हवा काढणं. जुन्या डिझेल गाडीची टाकी एकदा तळाला गेली, किंवा पाइपच्या जोडाला केसाएवढी जरी फट राहिली, तरी लाइनमध्ये हवा शिरते. मग सेल्फ नुसता फिरत राहतो आणि बॅटरी उतरते. अशा वेळी सेल्फ सोडा. डिझेल फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू पान्यानं दोन आटे सैल करा. फीड पंपाला लहान हँडपंप असतो, तो अंगठ्यानं दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग बुडबुडे आणि डिझेल एकत्र, आणि शेवटी अखंड, स्वच्छ धार. धार येत असतानाच, पंप दाबलेला ठेवून, स्क्रू आवळा. अंगठा सोडून मग आवळलात तर हवा पुन्हा आत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. हाताला लागलेला डिझेलचा वास जेवणापर्यंत जात नाही. गाडी सुरू होताना जो काळा भपका निघतो, त्याच्या आनंदाला मात्र तोड नाही. या छंदाचं समर्थन करायचं झालं तर मी इथपर्यंतच करेन.

बाकी रिंग-पिस्टन, नोझल, हेड गॅस्केट, क्लचप्लेट ही कामं मिस्त्री सांगेल त्या क्रमानं आणि सांगेल त्याच्या दुप्पट पैशांत होतात.

पायरी सहावी : सजावट

इथं बहुतेकांचं भान सुटतं. लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग मारायचा नाही; केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. पुढे जाडजूड बुलबार लावायचा नाही. त्यावर केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच बडगा उगारलाय. गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये ठणकावलंय. यातलं एकही वाक्य जीपवाल्यांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथं अशा बातम्यांना डीपीतल्या गाडीच्या फोटोनंच उत्तर मिळतं.

पायरी सातवी : कागद

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. एप्रिल 2022 मध्ये चारचाकीची ही फी 600 वरून 5000 झाली, पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढली. वर पर्यावरण कर. आरटीओच्या आवारात चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासत बसलेला, कपाळावर ग्रीस लागलेला सुशिक्षित माणूस दिसला तर तो आपल्यापैकीच, असं समजून नमस्कार करावा.

गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमांनुसार ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार भरले की नंबरात ऐटबाज व्हीए अक्षरं येतात. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच परवानगी. या यादीत महापूर नाही. दुरुस्ती आहे, त्यामुळे व्यवहारात जीपवाल्याला फारसा फरक पडत नाही.

पायरी आठवी : सराव

सराव गगनबावड्याच्या रस्त्याला रविवारी सकाळी करतात. त्यात मिसळीला वेळ जास्त आणि चिखलाला कमी लागतो. तरी दोन गोष्टी शिकून याव्यात. एक, फोर व्हील कोरड्या डांबरावर टाकू नये. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि त्याचा ताण गियरवर येतो. दोन, बऱ्याच जुन्या जीपच्या पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे हब असतात. ते चिखलात शिरायच्या आधी उतरून लॉक करायचे. आत रुतल्यावर आठवण झाली तर गुडघाभर पाण्यात हात घालून ते चाचपावे लागतात, आणि तुमचा फोटो काढायला तिथं कुणीतरी असतंच.

पाण्याबद्दल मात्र थट्टा नको. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, म्हणून ते पेट्रोलपेक्षा पाण्यात तग धरतं, पण श्वास त्यालाही लागतो. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चाकाच्या मधल्या नटांवर पाणी असेल तर गाडी घालू नये. वाहत्या पाण्यात तर नाहीच. दोन फूट वाहतं पाणी भल्या मोठ्या गाडीला उचलून नेतं, मग ती फोर बाय फोर आहे का हे नदी विचारत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक लागत नाहीत. हलक्या पायानं दाबत ते सुकवत न्यावे लागतात.

पायरी नववी : प्रत्यक्ष महापूर

राधानगरी धरणाची स्वयंचलित दारं उघडल्याची बातमी आली, बंधाऱ्यावर 39 फूट झाले, की आपत्कालीन वाहनाच्या मालकाचं पहिलं कर्तव्य म्हणजे आपत्कालीन वाहन वाचवणं. ते उंचावरच्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या आवारात नेऊन लावा. बॅटरी उतरलेली असेल, आठवडाभराच्या पावसात कोण सुरू करून ठेवतं? धक्का मारायला चार माणसं लागतील. ती घरातलं सामान वर नेत असतील, त्यांना तिथून बोलवावं लागेल. बोलवण्याची पद्धत या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

घरची मंडळी, म्हातारी आई, गॅसची टाकी आणि कपाटातले कागद शेजारच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातील. 2019 लाही लोकांना गावागावांतून काढलं ते बोटींनी आणि ट्रॅक्टरांनी. ट्रॅक्टरची मागची चाकं छातीएवढी, इंजिन उंचावर, त्याला ना हब लॉक करावे लागतात ना आरटीओत पेन्सिल घासावी लागते, आणि त्याचा मालक त्याला रविवारी पुसत बसत नाही. त्या ट्रॉलीत चढताना तुमच्याकडे कुणी जीपचा विषय काढणार नाही. कोल्हापूरचे लोक तेवढे चांगले आहेत. पुढच्या महिन्यात काढतील.

समजा जीप हलवता आली नाही आणि बुडालीच, तर पाणी उतरल्यावर चावी लावून बघण्याचा मोह आवरा. सेल्फ मारायचा नाही. आधी बॅटरीच्या वायरी काढा. नोझल आणि हीटर प्लग काढून इंजिन हातानं फिरवा, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते तिथून बाहेर येईल. इंजिन, गियरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा-मागचा डिफरन्शियल, सगळीकडचं तेल काढून नवं भरा, थोडं चालवून पुन्हा बदला. डिझेलची टाकी उतरवून धुवा. ड्रम उघडून गाळ ओला असतानाच काढा, वाळला की छिन्नी लागते. मग मिस्त्रीला फोन करा. त्याच्याकडे रांग असेल आणि तुमचा नंबर शेवटचा, कारण पुढे उभ्या असलेल्या सगळ्या नव्या गाड्यांचा पूर्ण विमा आहे आणि तुमच्या जीपचा फक्त थर्ड पार्टी.