आमचं अन्नछत्र

पुण्य मिळवण्याच्या स्वस्त मार्गांत पाखरांना दाणे टाकण्याचा नंबर फार वरचा. उपास नाही, यात्रा नाही, दक्षिणा नाही. हैदराबादेत मक्का मशिदीच्या अंगणात किंवा मोअज्जमजाही मार्केटपाशी मूठभर दाणे उधळावेत, शेकडो पंख एकदम फडफडावेत, आणि निजामाखालोखाल आपणच दानशूर असं वाटावं. मला ते इतकं वाटलं की मी घरच्या बाल्कनीतच शाखा उघडली.

शाखा चिमण्यांसाठी होती, एवढं नोंदवून ठेवतो. आम्ही मूळचे नांदेडकडचे. आजी अंगणात जोंधळे पाखडायला बसली की भोवती चिमण्यांची पंगत बसे. ती मला नल्लकुंट्यात तिसऱ्या मजल्यावर हवी होती. जुन्या परातीत जोंधळे आणि शेजारी मातीच्या थाळीत पाणी ठेवलं. चिमण्या आल्या, पाहून गेल्या आणि बहुधा कबुतरांना पत्ता देऊन गेल्या. मग कबुतरं आली ती सहकुटुंब, सहपरिवार आणि इष्टमित्रांसह. “अहो, हे लग्न कुणाचं?” असं स्वयंपाकघरातून विचारलं गेलं. उत्तरादाखल मी जोंधळ्याची गोणीच आणली.

खालच्या मजल्यावरच्या मंडळींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जे पडलं त्याचं वर्णन टाळतो. “साब, दाना नक्को डालो,” वॉचमन म्हणाला, “पूरे मोहल्ले के कबूतरां आपकेच घर कू आ रे.” मी ते प्रमाणपत्र समजलो. २०२५ च्या जुलैत मुंबईत कबुतरखाने बंद करायला सुरुवात झाली, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, ऑगस्टात जमावाने ती फाडली आणि प्रकरण कोर्टात रंगलं. तेव्हा दादरच्या आत्याला मी फोनवर ऐकवलं, “तुमच्याकडे दयाधर्मच उरला नाही.” आत्याला दमा आहे. ती बराच वेळ खोकली; मला वाटलं, ती गहिवरली.

पाण्याच्या थाळीचं प्रकरण वेगळंच. महापालिकेची डास शोधणारी बाई आली, थाळीत वाकून पाहिलं आणि वळवळणाऱ्या अळ्या मला दाखवल्या. ज्या गावात रोनाल्ड रॉसला २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी सापडला, त्या गावात मी डासांची शेती करत होतो. रॉसने पुढच्या वर्षी कलकत्त्यात डास मलेरिया कसा पसरवतात हे सिद्ध केलं तेही पाखरांवर, त्यात चिमण्याही होत्या. म्हणजे चिमण्यांसाठी थाळी मांडून मी त्यांच्याच आजाराची सोय करत होतो. रॉसला १९०२ साली नोबेल मिळालं. मला नोटीस मिळाली.

आणि मग ते कबुतर आलं. कठड्यावर बसून ते मान वाकडी करून माझ्याकडे एकटक पाहू लागलं. मला वाटलं, कृतज्ञता! नंतर ते स्वतःभोवती गोल फिरू लागलं. दाण्यावर चोच मारायला जायचं आणि ती भलतीकडेच पडायची. चष्म्याशिवाय माझाही घास असाच चुकतो, म्हणून मी ते वयावर ढकललं. मान पार उलटी होऊन ते आकाशाकडे पाहू लागलं, तेव्हा मात्र हळदीचं पाणी पाजलं, बुटाच्या खोक्यात घातलं आणि रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत पुढे अल्सेशियन, मागे बोकड. रक्तदाब फक्त माझाच वाढला होता.

डॉक्टरीणबाई आदिलाबादच्या, त्यामुळे माझी कानउघाडणी शुद्ध मराठीत झाली.

“काका, कोंबड्यांची मानमोडी ऐकलीय का? रानीखेत म्हणतात ती. त्याच कुळातल्या विषाणूचा हा आजार दिसतोय. विष्ठेतून, दाण्यातून, पाण्यातून पसरतो. विषाणू मारायला औषध नाही. वेगळं ठेवायचं, दाणापाणी द्यायचं, काही वाचतात. परात कधी धुता?”

“पाऊस येतोच की.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. रानावनात पाखरं विखरून चरतात. आजारी पाखरू कुठेतरी एकटं मरतं, गोष्ट तिथेच संपते. परात मांडली की साऱ्या पेठेची पाखरं एकाच ताटात जेवतात, आणि ताटातच बाकीचं सगळंही उरकतात. इंग्लंडात ट्रायकोमोनास नावाचा परोपजीवी पाखरांच्या घशात बसतो. गिळता येत नाही, उष्टा दाणा बाहेर पडतो आणि तो दुसरं पाखरू उचलतं. २००५ पासून तिथल्या ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या याच रोगाने कोसळली. शेवटी आरएसपीबी या पक्षीरक्षक संस्थेने २०२५ मध्ये सपाट दाणापात्रं विकणं थांबवलं.

“माणसांना काही होतं का?” मी विचारलं. धर्मकार्यात जीवाची काळजी असावी.

“या विषाणूने फार तर डोळे येतात. पण कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ रोज छातीत गेली तर काहींची फुप्फुसं सुजतात, कायमची निकामीही होतात. घरात कुणाला दमा आहे?”

मला आत्याचं गहिवरणं आठवलं. डोळे तर रात्रीच लाल झाले. आजाराने की जागरणाने, हे मी कुणालाही विचारलं नाही.

कबुतर वाचलं नाही. परात उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पालथी घातली, नाकाला फडकं बांधून बाल्कनी ओली करून खरवडली, आणि आत्याची फोनवर माफी मागितली. तिने ती खोकतच स्वीकारली.

तुम्ही दाणे घालतच असाल तर मूठभरच घाला, तासाभरात संपतील एवढेच. भांडं आणि पाणी रोज घासून बदला, आणि एक जरी पाखरू फुगून, मान टाकून बसलेलं दिसलं तर खाणावळ काही आठवडे बंद ठेवा. कबुतरांना तर मुळीच बोलावू नका, ती या गावात उपाशी मरत नाहीत. माझ्याकडे जोंधळ्याची अर्धी गोणी शिल्लक आहे. भाकरी करणाऱ्यांनीच संपर्क साधावा.