सोडलेले अण्णा

अण्णांनी सिगारेट सोडली, हे नेवाशात ज्याला ठाऊक नाही तो एक तर कालच बदली होऊन आलेला असतो, नाहीतर अण्णांना लांबून पाहून रस्ता ओलांडण्यात तरबेज झालेला असतो. आता अण्णा म्हणजे कोणी एकच गृहस्थ समजू नका. स्टँडजवळच्या दर टपरीला एक अण्णा नेमून दिलेला असतो. कुठे तो सर असतो, कुठे तात्या, कुठे भाऊसाहेब. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, खिशात बडीशेपेची पुडी, आणि समोरच्याने काडी ओढली रे ओढली की चेहऱ्यावर दया.

अण्णांनी सिगारेट सोडली, पण टपरी नाही सोडली. सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा, दोन्ही वेळा पूर्वीइतक्याच पाळतात. टपरीच्या पत्र्याला लोखंडी खांबाचा टेकू आहे. त्याला पाठ लावून उभे राहतात आणि सुरू होतात. खांबाला टेकून बोलण्याची आमच्या गावाला मोठी परंपरा आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी पैस खांबाला टेकून नऊ हजार ओव्या सांगितल्या आणि सच्चिदानंदबाबांनी त्या उतरवून घेतल्या. अण्णांचं निरूपण उतरवून घ्यायला अजून कोणी बाबा मिळालेला नाही, एवढीच त्यांची खंत. शनिशिंगणापूरही आमच्याच तालुक्यातलं. तिथे घरांना दारं नाहीत, इथे अण्णांच्या तोंडाला.

निरूपणाचा पूर्वार्ध फसलेल्या प्रयत्नांचा. आमच्याकडे सप्ताहात एखादे कीर्तनकार झोळी पसरतात, दक्षिणा नको, व्यसन टाका म्हणतात. अण्णांनी पाकीट टाकलं. तेही कामिका एकादशीच्या यात्रेत, चार माणसं बघतील अशा बेताने. फक्त निम्म्या सिगारेटी आधीच काढून ठेवल्या होत्या. "झोळीत पाकीट टाकायचं ठरलं होतं, आतल्या मालाचं बोलणं झालं नव्हतं," हे ते आजही गंभीरपणे सांगतात. मग देवगडला दत्तासमोर शपथ झाली. मग तुळशीची माळ घातली. माळेने मटण सुटलं, सिगारेट तशीच राहिली.

शेवटी ती सुटली कशी, हे अण्णा दर वेळी निराळं सांगतात. कधी डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला म्हणून, कधी पाकिटाचे भाव वाढले म्हणून, आणि ऐकणारा नवखा असेल तर निव्वळ मनोनिग्रहाने. काकूंचं म्हणणं वेगळं. "कसला निग्रह! सर्दी झाली होती. चार दिवस चवच लागेना, तेवढ्यात सुटली."

सर्दी बरी झाली आणि घरादाराची परीक्षा सुरू झाली. निकोटिन बंद झालं की पहिले तीन-चार दिवस माणूस सर्वांत जास्त चिडचिडतो, असं डॉक्टर सांगतात. अण्णा दोन आठवडे चिडले. कुकरने शिट्टी दिली तरी "कोण आहे रे तिकडे?" म्हणून ओरडायचे. अखेर काकूच म्हणाल्या, "अहो, वाटलं तर एक ओढून या, पण भांड्यांवर राग काढू नका." त्याहून मोठा पेच सकाळचा. तीस वर्षं पोटाला शिस्त अशी, की आधी झुरका, मग संडास. निकोटिनने आतडी हलतात हे खरंच आहे, त्यामुळे झुरका थांबला आणि इकडचं सगळं कामकाज तहकूब झालं. कोमट पाणी झालं, इसबगोल झालं, एरंडेल झालं. हा अध्याय अण्णा बायामाणसं नसताना सांगतात, पण आवाज कमी करत नाहीत.

उत्तरार्ध शास्त्राचा. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडी खाली येते, एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड ओसरतो, वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. हे सगळं बरोबर आहे. अण्णांनी मात्र तो 'निम्मा' पुढे चालू ठेवलाय. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मा, तिसऱ्या वर्षी त्याच्याही निम्मा, असं करत करत ते जवळजवळ अमर झालेत आणि नेवासा फाट्यावरची भजी त्याच हिशेबाने खातात. पँट दोनदा उसवून सैल करून घेतली. पाकिटावर २०१८ पासून सोडू पाहणाऱ्यांसाठी टोल-फ्री नंबर छापतात. अण्णांनी तिथे फोन केला, पण सोडून वर्ष झाल्यावर, आपण कसं सोडलं ते सांगायला. पलीकडच्या मुलीने अभिनंदन करून फोन ठेवू पाहिला तेव्हा झोळीचा प्रसंगसुद्धा आलेला नव्हता.

गळीत हंगामात भेंड्याच्या कारखान्याची चिमणी धूर ओकते, त्याबद्दल अण्णांची तक्रार नाही. उलट उसाच्या भावाची चौकशी करतात. पण रस्त्यापलीकडे कोणी बिडी शिलगावली की नाकाला रुमाल.

त्यांची खरी अडचण शिष्यांची आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे जेमतेम चार ओढणारे निघाले. मळणारे, चघळणारे, मिश्री लावणारे मात्र चोवीस. बिडी आणि जर्दा या दोन्हींत नाव कमावलेलं संगमनेर आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा आम्हाला यात नवल नाही. त्या चारांतले दोन अण्णांना बघून पळतात. चोवीस जण मात्र मन लावून ऐकतात. ऐकता ऐकता तळहातावर चुना घेतात, अंगठ्याने मळतात, वर दोन टाळ्या मारून भुकटी उडवतात, ती अण्णांच्याच नाकात जाते. मग चिमूट ओठाखाली धरून म्हणतात, "बरोबर आहे अण्णा, सिगारेट लई वाईट!" यात गळ्यात माळ असलेलेही असतात.

लोक कंटाळतात, मीही कंटाळतो. पण एक गोष्ट मी पाहिलीय. शेजारी कोणी सिगारेट पेटवली की अण्णांचा डावा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो, पुडी चाचपतो, आणि त्याच क्षणी बोलण्याचा वेग वाढतो. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते म्हणतात. अण्णांचं एक प्रवचनही साधारण तेवढंच चालतं. त्यामुळे मी मध्येच तोडत नाही. फार तर घड्याळाकडे बघतो.

परवा मात्र टपरीवाल्यानेच घात केला. २०२० पासून राज्यात सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, याच्याकडे कोणी अख्खं पाकीट मागितलं तर "घरी कार्य आहे का?" असं विचारतो. अण्णा वर्षं, महिने, दिवस मोजून दाखवत होते, तेवढ्यात हा म्हणाला, "मी पण प्यायचो अण्णा. सोडली."

अण्णा खांबापासून सरळ झाले. "कधी?"

"झाली की दहा-बारा वर्षं. टपरी टाकली तवा. आपला माल आपणच संपवाय लागलो, परवडंना."

"तारीख?"

"तारीख कोण ध्यानात ठेवतंय!"

"महिना तरी?"

"गरम व्हत होतं."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. दिवसभर त्या डब्यांच्या मधोमध बसणारा माणूस. शपथ नाही, झोळी नाही, एरंडेल नाही, आणि इतकी वर्षं बोलला नाही!

"तारीख नाही म्हणजे सोडली असं म्हणता यायचं नाही," अण्णा म्हणाले. "फार तर राहून गेली म्हण." मग जरा नरमले. "असं कर, गुढीपाडवा धर. गरमही होतं, ध्यानातही राहील."

"धरला," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला एक सुटी काढून दिली.