कमी पैशात समुद्रकाठी भूत कसे काढावे
(नवशिक्या दिग्दर्शकांसाठी)

भयपटाला पैसे लागतात, ही अफवा पैसेवाल्या निर्मात्यांनी उठवली आहे. खरे म्हणजे लागतात पाच मित्र, एक भाड्याची गाडी, किनाऱ्यालगतचे एक घर आणि त्या घराची राखण करणारे एक काका. कथा एका ओळीत मावते: शुक्रवारी रात्री पुण्याहून कोकणात गेलेली मंडळी रविवारी परत येत नाहीत. बाकीचे खालीलप्रमाणे.

पायरी 1: आधी जागा, मग कथा

कॅन्ससमध्ये शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट काढणाऱ्या हर्क हार्वी नावाच्या गृहस्थाला यूटामधल्या खाऱ्या सरोवराकाठी ‘सॉल्टेअर’ नावाचा ओसाड जलसा-मंडप दिसला. पाणी मागे हटलेले, नाचायला येणारी गर्दी केव्हाच आटलेली. त्याने आधी मंडप पक्का केला, मग त्याला साजेशी कथा लिहून घेतली. सुमारे 33,000 डॉलरमध्ये 1962 साली ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ तयार झाला आणि तो आजही पाहिला जातो.

तुम्हीही चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे, पडवी शेवाळलेली आहे असे घर शोधा. मागे माडाची बाग, बागेत विहीर, विहिरीवर करकरणारा रहाट. नुकताच रंग दिलेला, खोलीखोलीत एसी लावलेला होमस्टे घेऊ नका. तिथे भूत आले तरी आधी भाडे विचारील. राजवाडा मात्र टाळा. मुरुडचा नवाबी राजवाडा रामसे बंधूंनी पडद्यावर इतका वापरला आहे, की प्रेक्षक भुताच्या आधी जिना ओळखतो.

पायरी 2: माणसे घरातलीच घ्या

याबाबतीत मात्र रामसेंचा कित्ता गिरवावा. 1972 च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’साठी सगळे कुटुंबच महाबळेश्वरला गेले. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला आणि कुमार पटकथेला. भावाला मानधन द्यावे लागत नाही, जेवण दिले की पुरते. तुम्हाला इतके भाऊ नसतील तर चुलत, मावस आणि आते धरा.

पात्रे पाच. एक जोडपे, जे भांडते. एक विनोदी मित्र, जो पहिला जातो. एक जण सतत मोबाइल वर धरून ‘रेंज नाही रे’ म्हणणारा. हे संवाद लिहावे लागत नाहीत, नट आपोआप म्हणतात. पाचवी शहाणी मुलगी. ती शेवटपर्यंत उरते, कारण काकांचे बोलणे तिने एकटीने ऐकलेले असते.

काकांना एकच वाक्य द्या: “तिन्हीसांजेनंतर खाली पुळणीवर जाऊ नका, बाकी तुमची मर्जी.” का, असे कुणी विचारले तर काकांनी उत्तर न देता कंदील उचलून आत जावे. पुण्याच्या नटाला पानभर मालवणी बोलायला लावू नका. सावंतवाडीचा प्रेक्षक भुताला माफ करतो, हेल चुकलेल्याला करत नाही.

पायरी 3: अमावास्या घेऊ नका

नव्वद टक्के नवशिके इथेच बुडतात, आणि हे शब्दशः घ्यावे. ‘अमावास्येची रात्र, बाराचे ठोके, नायिका विस्तीर्ण पुळणीवरून धावते आहे’ असे कागदावर लिहायला सोपे. पण कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला हिशेब विचारा: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. अमावास्या म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुमची नायिका धावायला उतरते तेव्हा उधाणाची भरती नुकतीच पुरी झालेली असते. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला सुरूच्या बनाचे कुंपण, मध्ये तीन पावले वाळू. तीन पावलांत पाठलाग बसत नाही. पौर्णिमेलाही हीच गत.

मध्यरात्री पुळण हवी तर अष्टमी धरा. आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला, त्यानंतर सहा तासांनी, बाराच्या सुमारास, ओहोटी. वद्य अष्टमी असेल तर चंद्रही मध्यरात्रीच उगवतो, दिव्याचे भाडे वाचते.

निर्माता फारच हात आखडत असेल तर संकष्टी निवडावी. चतुर्थीला भरती तीनला, म्हणून ओहोटी रात्री नऊच्या आसपास. चंद्रोदयही साधारण त्याच वेळी. पुळण मोकळी, चंद्र फुकट, आणि अर्ध्या युनिटला उपास असल्याने पापलेटचे बिलही निम्मे. मात्र चंद्र दिसताच शॉट थांबतो आणि सगळे मोदकाकडे वळतात, हे वेळापत्रकात धरा.

पायरी 4: भूत परवडेल असेच निवडा

कोकणात भुतांची टंचाई नाही. अडचण आहे ती खर्चाची. हडळीला केस, साडी आणि उलटी पावले लागतात. गिऱ्हा पाण्यात राहतो, म्हणजे नट रात्रभर भिजणार आणि औषधाचा खर्च वाढणार. देवचाराच्या वाटेला जाऊ नका. तो गावचा राखणदार. गावकरी त्याला नारळ, विडी ठेवतात. त्याला खलनायक केलेत तर चित्रीकरण भूत नव्हे, ग्रामपंचायत बंद पाडील.

कमी बजेटचे आदर्श भूत एकच, चकवा. तो दिसत नाही, बोलत नाही, त्याला मेकअप नको. तो फक्त वाट चुकवतो आणि माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. म्हणजे सुरूचे एकच बन पाच कोनांतून पाच वेळा चित्रित करा. प्रेक्षक म्हणतील, बापरे, पुन्हा तिथेच आले! इतर चित्रपटांत ज्याला कंजूषपणा म्हणतात, त्याला इथे कथानक म्हणतात.

पायरी 5: तरीही काही दाखवायचेच असेल तर उशिरा दाखवा

‘जॉज’च्या वेळी स्टीव्हन स्पीलबर्गकडे यांत्रिक शार्क होता, तुमच्याकडे तोही नाही. पण खाऱ्या पाण्यात तो शार्क वारंवार बिघडला आणि 55 दिवसांचे चित्रीकरण 159 दिवसांवर गेले. दिग्दर्शकाने मासा लपवला. पाण्यावर तरंगणारी पिंपे आणि संगीताचे दोन सूर यांवर भागवले. निम्म्याहून जास्त चित्रपट संपेपर्यंत मासा धड दिसत नाही, आणि 1975 पासून लोक पाण्यात पाय टाकायला घाबरतात. तुमचा रबरी मुखवटा आला तसा गाडीच्या डिकीतच राहू द्या.

पायरी 6: किरकोळ सामान

आवाज: लाटांपुढे संवाद ऐकू येत नाहीत, सगळे नंतर डब करावे लागते. म्हणून पात्रांना कमी बोलू द्या. सुरूतून वाहणारा वारा आणि रात्री ओरडणारी टिटवी यांचा आवाज मात्र जरूर ध्वनिमुद्रित करा. मराठी माणसाला टिटवी पार्श्वसंगीतापेक्षा जास्त घाबरवते.

रक्त: ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (1968) कृष्णधवल असल्याने त्यात चॉकलेटचे सिरप चालून गेले. तुमचा चित्रपट रंगीत आहे, तेव्हा साबुदाण्याच्या खळीत खाण्याचा लाल रंग मिसळा. स्थानिक पर्याय म्हणून कोकमाचे आगळ सुचवले जाईल. त्यात मीठ असते. डोळ्यांत गेले तर नायिकेचा आक्रोश अस्सल निघतो आणि ती दुसऱ्या दिवशी येत नाही.

चमत्कार: थंडीच्या रात्री कधी कधी लाट फुटताच निळी चमकते. नोक्टिलुका या सूक्ष्म जीवाची ही करामत. ती टिपलीत तर प्रेक्षक म्हणतील, व्हीएफएक्स स्वस्तातले आहे. सहन करा.

दिवे: वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. तुमच्या फ्लडलाइटमुळे ती समुद्राऐवजी कॅमेऱ्याकडे येतील. विणीच्या काळात तिथे दिवे लावू नका.

काळी मांजर: चित्रपटात प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. चकव्याला कसलाच अर्ज लागत नाही, हे पुन्हा लक्षात घ्या.

प्रमाणपत्र: 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन भाग झाले आहेत. 16 मागितले आणि 7 मिळाले, तर भूत कुठे कमी पडले ते समजून घ्या.

पायरी 7: शेवट

उरलेली मुलगी पहाटे किनाऱ्यावर येते आणि समुद्रातून सूर्य वर येतो, असा शेवट लिहिला असेल तर कागद फाडा. कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. सूर्य तिच्या पाठीमागून, सह्याद्रीकडून उगवतो. तिला समुद्राकडे पाठ करून उभी करा. प्रकाश चेहऱ्यावर येईल आणि मागे पाणी चढत असल्याचे तिच्याआधी प्रेक्षकाला दिसेल. दुसरा भाग काढायची सोय इथेच झाली.

सगळ्यात महत्त्वाचे

चकव्याने घेतलेल्या बळीचा पंचनामा कुठल्याही पोलीस ठाण्यात सापडणार नाही. वाळूत रुतलेल्या गाड्या भरतीने गिळल्याच्या आणि पर्यटक ओढले गेल्याच्या बातम्या मात्र सतत येत असतात, आणि बहुतेकांना कुणीतरी ‘खाली उतरू नका’ असे आधी सांगितलेले असते. तेव्हा कॅमेरा, नट किंवा गाडी पुळणीवर नेण्याआधी गावातल्या कोळ्याला भरतीची वेळ विचारा आणि तो म्हणेल तेव्हा वर या. तुमच्या संपूर्ण बजेटमध्ये एवढा एकच सल्लागार फुकट मिळणार आहे.