आगाऊ विंडोबाईस खुले पत्र

अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव

मधेच उपटणाऱ्या विंडोबाई,

नमस्कार मुद्दाम घालत नाही. परवा तू जे केलंस, त्यानंतर तो तुला शोभत नाही.

डावीकडे मोठ्या जागेत मी बचत गटाचा हिशेब भरत होतो. उजवीकडे वर टर्मिनल, खाली पासबुकाचं पान. नजर पासबुकावर, बोटं कीबोर्डवर. तेवढ्यात लॉगिनपासून रेंगाळलेली तू चॅटची विंडो उगवलीस. हिशेबाला उजवीकडे ढकललंस, त्याच्या जागेवर बसलीस आणि फोकसही बळकावलास. एका ताईचं नाव आणि तिची थकलेली रक्कम मी टाइप केली, एंटर दाबला, आणि ते हिशेबात न जाता सगळ्या गटाच्या चॅटमध्ये गेलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

डीडब्ल्यूएममध्ये मूळ रिवाजच तसा आहे, हे मला माहीत आहे. 2006 पासूनचा हा विंडो मॅनेजर. नवी आलेली विंडो यादीच्या शिरावर, म्हणजे स्क्रीनची 55 टक्के रुंदी मिळणाऱ्या मास्टर जागेत बसते. जुनी मास्टर बाजूच्या उतरंडीत जाते. पण त्याच प्रोग्रामात ऑल्ट आणि एंटर दाबलं, की फोकस असलेली विंडो मी स्वतः मास्टर जागी आणतो. तेव्हा हलवणं वाईट नाही. न विचारता हलवणं वाईट.

आमच्या गावाला हे कुणी शिकवायला नको. अणदूर आणि नळदुर्ग, दोन्हीकडे खंडोबाचं मंदिर, पण मूर्ती एकच. देव सव्वादहा महिने आमच्याकडे, पावणेदोन महिने नळदुर्गला. नेण्या-आणण्याचा दोन्ही गावांत लेखी करार होतो. साक्षात मल्हारी ठरल्याशिवाय जागा बदलत नाही, आणि तू कोण लागून गेलीस?

डीडब्ल्यूएमला अटॅचअसाइड नावाचा पॅच लावून पाहिला. तू मास्टर सोडून उतरंडीच्या वरच्या पायरीवर बसलीस, पण फोकस तुझ्याकडेच. म्हणजे पाट सोडलास, ताट सोडलं नाहीस. म्हणून मी आयथ्री हा दुसरा विंडो मॅनेजर घेतला. तिथे एका ओळीत तुला 9 नंबरचं वर्कस्पेस नेमून दिलं, आणि दुसऱ्या ओळीत नो-फोकसचा नियम लावला. आता विंडो इकडची तिकडे न्यायची, तर मी मॉड आणि शिफ्ट धरून बाणाची कळ दाबतो, तेव्हाच ती हलते.

माफी मागायला त्या ताईंच्या दारात गेलो. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आकडा खराच आहे भाऊ. पण कुणाला कधी सांगायचा, ते मी ठरवलं असतं."

तुझ्यावरचा माझा आरोपही तेवढाच आहे.

तुझ्या उपद्व्यापाने ओशाळलेला,
बचत गटाचे हिशेब लिहिणारा एक अणदूरकर