झिलाने शस्त्र आणलंय, काळजी नसावी

किचनर, ऑन्टारिओ
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न.

आई, तुमचा फोन आला तेव्हा इथं पहाटेचे चार वाजले होते. अशा वेळी फोन वाजला की आधी देव आठवतात, मग गावातली सगळी आजारी माणसं. उचलला तर तुमचा आवाज ठणठणीत, "झिलान ह्या काय हाडल्यान गे?" एवढ्यासाठी माझं काळीज तोंडात आलं होतं! दसऱ्याला ओवीने काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नकोस असं मी तिला बजावलं होतं. पण पाटावर लॅपटॉप, पार्थची सायकलची पाने आणि मधोमध हळदकुंकू लावलेलं ते अवजड यंत्र, हा फोटो तिला आवरला नाही. फोनवर तुम्ही निम्मं ऐकलंत आणि निम्मं रागावलात. म्हणून आता नीट लिहिते. कपडे मशीनमध्ये आहेत, पार्थ पोहायला गेलाय आणि तुमचा झील संदेश पहाटेपासून जंगलात बसलाय.

तर ती बंदूक नव्हे. तिला क्रॉसबो म्हणतात. दस्ता आणि चाप बंदुकीचा, पुढे आडवं बसवलेलं धनुष्य, आणि गोळीच्या जागी आखूड बाण. त्या बाणाला इथं बोल्ट म्हणतात. बंदुकीला परवाना लागतो, त्याआधी कोर्स, मग वाट बघणं. क्रॉसबो विकत घ्यायला तसला परवाना लागत नाही. एका हाताने चालवता येईल असा आखूड मात्र बाळगायलाच बंदी आहे. शिवाय आमच्या भागात हरणासाठी बंदुकीचे दिवस थोडेच असतात आणि बाणाचा हंगाम लांबलचक. संदेशच्या डोक्यात हे शेजारच्या मिशीवाल्या आजोबांनी भरवलं. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला हरणाचं मटण दिलं होतं आणि मी त्याची तुमच्या मसाल्यात सागुती केली होती. तिथून हे सुरू झालं. म्हणजे मुळात दोष तुमच्या मसाल्याचा.

"हरणाच्या पाठी गेल्लो कोण सुखान परत इलो गे?" असं तुम्ही विचारलंत. आई, सीतेने निदान हरीण मागितलं तरी होतं. मी डिशवॉशर मागितला होता.

आता खरेदीची कथा. दुकानात गेल्यावर कळलं की यात दोन जाती आहेत, रिकर्व्ह आणि कंपाउंड, आणि लोक दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडतात. रिकर्व्ह म्हणजे साधं धनुष्य. दोन कांबी, टोकं पुढे वळलेली, एक दोर. कंपाउंडच्या कांबींच्या टोकांना चाकं असतात, कॅम म्हणतात त्यांना, आणि त्यांवरून दोर आणि केबली आडव्यातिडव्या गेलेल्या असतात. त्या चाकांमुळे आखूड कांबींतही भरपूर जोर साठतो. म्हणून कंपाउंड ताणल्यावर जेमतेम वीतभर रुंद राहतो आणि रिकर्व्ह चांगला दीड-दोन फूट पसरतो. झाडावरच्या मचाणात किंवा छोट्या तंबूत बसायचं तर रुंद धनुष्य इकडे फांदीला अडकतं, तिकडे कापडाला घासतं. कंपाउंडचा बाणही जास्त वेगाने जातो. संदेश लगेच त्या चाकांच्या प्रेमात पडला. लहानपणी घरातला रेडिओ उघडून ठेवायचा, तीच नजर.

मग मी पाटी वाचली. 2,600 डॉलर. आणि इथल्या पाटीवर कर धरलेला नसतो, तो गल्ल्यावर गेल्यावर 13 टक्के लागतो. इतकी वर्षं झाली तरी हा प्रकार मला पटत नाही. भाव सांगायचा एक, घ्यायचा दुसरा! आपल्याकडे बाजारात मासेवालीने असं केलं तर तिची काय अवस्था होईल? बाबा, तुम्हीच हिशेब करा, डॉलर साठ रुपयांना धरला तरी पावणेदोन लाखांच्या वर गेलं. शेजारी ठेवलेला रिकर्व्ह 1,100 चा, करासह 1,243. तोही काही फुकट नाही. इथं बकऱ्याचं मटण साधारण 25 डॉलर किलो धरा, म्हणजे तेवढ्या पैशांत जवळजवळ पन्नास किलो मटण आलं असतं, तेही कापून, साफ करून आणि पहाटे न उठता.

दुकानातला पोरगा वेगाचं कौतुक करत होता. हा सेकंदाला साडेतीनशे फूट, तो सव्वाचारशेच्या घरात. मी विचारलं, हरीण किती लांब असतं? म्हणाला, बहुतेक वेळा वीस-पंचवीस यार्डांवर. मी पिशवीतून पेन काढलं. पंचवीस यार्ड म्हणजे 75 फूट. एक बाण 0.21 सेकंदात पोचणार, दुसरा 0.18 सेकंदात. म्हणजे सतराशे डॉलर जादा मोजून आपण सेकंदाच्या शंभर भागांतले तीन-चार भाग विकत घेणार. पोरगा म्हणाला, दोर सुटल्याचा आवाज ऐकून हरीण खाली दबतं, म्हणून वेग हवा. मी म्हटलं, आवाज सेकंदाला अकराशे फूट धावतो, तो दोघांच्याही आधीच पोचणार. त्यावर पोरगा संदेशकडे बघायला लागला आणि संदेश छताकडे.

पण शेवटचा निकाल लावला तो बाबांनी. बाबा नेहमी म्हणतात ना, घरच्या घरी दुरुस्त होईल तीच वस्तू घ्यावी, बाकीची उसनी आणल्यासारखी असते. म्हणून मी विचारलं, दोर तुटला तर? कंपाउंडचा दोर बदलायला कांबी दाबून धरणारं खास प्रेस लागतं, बहुतेकांना तो दुकानात आणावा लागतो. रिकर्व्हला एक मदतीचा दोर असतो. तो लावून ताणला की जुना दोर काढून नवा चढवायचा, जंगलात बसल्या बसल्या. झालं! शिवाय एक्सकॅलिबर म्हणून रिकर्व्ह क्रॉसबो बनवणारी कंपनी आमच्याच किचनरातली. रिकर्व्ह वजनालाही हलका पडला. संदेशने तोंड एवढंसं केलं, पण पाटावर पुजला तो रिकर्व्हच.

त्याचा एक तोटा मात्र आहे आणि तो तुम्हाला सांगायलाच हवा, कारण संदेशच्या कमरेचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. हरणासाठी इथल्या कायद्यात निदान 45 किलोचा ताण हवा. आमचा 280 पौंडांचा, म्हणजे 127 किलोंचा. नुसत्या हाताने तो ताणणं संदेशच्या बापाच्यानेही व्हायचं नाही. (बाबा, गंमत.) दोन हुकांची दोरी लावली की निम्मा भार उरतो, पण तेही त्रेसष्ट-चौसष्ट किलो. म्हणून वेगळे पैसे देऊन हँडल घेतलं. ते फिरवून दोर मागे आणायचा, आपल्या विहिरीच्या रहाटासारखा. कमरेची काळजी नको.

बोटांचीही नको. अंगठा बाणाखालच्या पट्टीच्या वर आला तर दोर तो घेऊनच पुढे जातो, असं मिशीवाल्यांनी आपला वाकडा अंगठा दाखवून समजावलं. ते बघून पार्थ दोन पावलं मागे सरला, तेव्हापासून तो त्या पेटीजवळ फिरकत नाही. बाण न लावता चाप ओढायचा नाही, कांबी फुटतात. आणि एकदा ताणला की दिवस संपताना एखादा बाण मातीत किंवा निशाण्यात मारूनच मोकळा करायचा.

थांबा, मशीन थांबलं. कपडे टाकून येते.

हं. तुमचं पार्सल बुधवारी मिळालं. मसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ, सगळं नीट. मसाल्याच्या पिशवीवर तुमच्या अक्षरात 'तिखट आसा, जपान' आणि खाली दोन रेघा. पिशवी 'तरुण भारत'च्या पानात गुंडाळली होती ना? संदेशने ते पान ओट्यावर पसरलं, हाताने सपाट केलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. जागा विकणे आहे, दशावताराचे खेळ, कोणाची तरी उत्तरकार्याची सूचना. मसाल्याचा डाग पडलेला कोपरा उजेडात धरूनसुद्धा वाचला. मी काही बोलले नाही. चतुर्थीला येता आलं नाही ते त्याला अजून सलतंय. तुम्ही व्हिडिओवर आरती दाखवलीत तेव्हा हा ऑफिसच्या गाडीतळावर गाडीत बसून टाळ्या वाजवत होता, हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

आता गावाकडच्या बातम्यांचा समाचार. तात्यांनी बांध पुन्हा हातभर सरकवला म्हणता? त्या बांधाला पाय फुटलेत की काय! बाबांनी भांडू नये, मोजणीचा अर्ज द्यावा. दीपाच्या स्थळाबद्दल वन्संना सांगा, मुलगा पुण्यात आहे हा काही गुन्हा नव्हे, पण पत्रिकेआधी पगाराची पावती बघा. नाईकांच्या मुलाने होमस्टे काढला हे छानच, फक्त पाटीवर 'सी फेसिंग' लिहिलंय तर समुद्र नेमका कुठल्या खिडकीतून दिसतो तेही कळवा. माईकाकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता त्यांना सगळ्यांच्या घरातलं आणखी स्वच्छ दिसेल.

माकडांनी नारळ ठेवले नाहीत आणि भातात गवे आले हे वाचून वाईट वाटलं. "एक तसला इकडे पाठव" असं बाबा म्हणाले, ते गमतीत म्हणाले असं धरून चालते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि असलं पार्सल कस्टमवाल्यांनी उघडलं तर नारळ राहतील बाजूला, बाबांनाच सोडवून आणावं लागेल. आपल्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची मात्र इथं फार आठवण निघते. आपल्याकडे ती दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा व्हायची. इथं अजून लोक ठासणीची बंदूक हौसेने विकत घेतात, बंदुकीच्या दिवसांत हरणावर ती चालते. मिशीवाल्यांना हे सांगितलं तर ते आजोबांचा फोटो मागताहेत.

इथले नियम वाचून तुम्हाला हसू येईल. हरणाचा टॅग काढला की तो शिंगवाल्या नराचा. मादी हवी तर लॉटरीत नंबर लागावा लागतो. आमचा लागला नाही. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात क्रॉसबो रिकामा करून पेटीत बंद पाहिजे. दुसऱ्याच्या रानात परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. मटण विकायचं नाही, वाटता येतं. संदेशने पानांच्या नक्षीचा महागडा पोशाख घेतला, हरणाला दिसू नये म्हणून. आणि बंदुकीचे दिवस सुरू झाले की बाणवाल्यांनीही वरून 400 चौरस इंच भडक नारिंगी कापड आणि तशीच टोपी घालायची, इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून. तसा तो उभा राहिला की कुठल्याशा पक्षाच्या प्रचाराला निघाल्यासारखा वाटतो. आणि सगळ्यावर कडी म्हणजे हंगाम संपला की सरकारला अहवाल द्यायचा. हरीण मिळालं नसेल तरी 'मिळालं नाही' असा. गेलाच नसाल तरी 'गेलो नाही' असा. आपल्याकडे ग्रामपंचायतीने कामांचा असा अहवाल दिला असता तर!

आजवर हरीण मिळालेलं नाही. एक-दोन दिसली, ती माद्या. आणि गंमत ऐका, हा तिकडे रानात थिजत बसतो तेव्हा इकडे रोज संध्याकाळी एक हरीण कुंपण ओलांडून येतं आणि माझा लाल माठ खाऊन जातं. त्याला चांगली मोठी शिंगंही आहेत. पण वस्तीत बाण मारायचा नाही, म्हणून आम्ही तिघं काचेच्या दाराशी उभं राहून आमची भाजी जाताना बघतो.

परवा मी संदेशला विचारलं, एवढे तास तिथं करतोस काय? म्हणाला, काही नाही, पानं पडतात, थंडी वाजते, आणि दुपारी घरामागच्या परड्यात कसं वाटायचं तसं वाटतं, आता कोणीतरी जेवायला हाक मारेल. म्हणून मी आता त्याला जाऊ नको म्हणत नाही. डबा देते. आई, तुम्हीही पुढच्या फोनवर रागावू नका, जेवलास का एवढंच विचारा. आणि फोन इथल्या रात्री करा, म्हणजे तुमच्या सकाळी चहाच्या वेळी.

दिवाळीचं फराळ पाठवायची घाई करू नका, चकल्या वाटेत मोडतात. त्यापेक्षा मसाला पाठवा, दोन किलो. हरीण मिळालं तर सागुतीला लागेल, नाही मिळालं तर बकऱ्याला लागेलच.

आपली,
सौ. प्राची