वारणेच्या अल्याड-पल्याड

"काय गं, खालच्या आळीत कसला कालवा?"

"मोजणीवाले आल्यात, काकू. चुलतभावांचा बांध. एक म्हणतोय खुटी हितं, दुसरा म्हणतोय फूटभर तिकडं."

"एकाच आज्ज्याची नातवंडं की! भाऊबंदकी कुणाला सुटली न्हाई बघ."

"छत्रपतींच्या घराला तरी कुठं सुटली? १७०७ ला औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या छावणीतनं सुटून आले, तर चुलती ताराराणी म्हणाल्या, ह्यो तोतया हाय."

"म्हणणारच! नवरा गेल्यावर सात वर्सं बादशाला तिनं झुंजवलं. आयतं कोण देतंय?"

"खेडला लढाई झाली. शाहू साताऱ्यात बसले, ताराराणी पन्हाळ्याला. तिथं १७१४ ला सवतीनं, राजसबाईंनी, त्यांना पोरासकट कोंडलं अन् आपल्या पोराला, संभाजीला, गादी दिली."

"अगं बया! सवत ती सवतच."

"तिकडं युरोपातबी त्येच चाललेलं. ताराराणींचे धनी राजाराम महाराज गेले त्याच साली, १७०० ला, स्पेनचा राजा बिनवारस मेला. मृत्युपत्रात फ्रान्सच्या राजाच्या नातवाचं नाव. ऑस्ट्रियावाले म्हणले, हक्क आमचा. निम्मा युरोप त्यात भांडला. १७१३ च्या तहात नातवाला स्पेन मिळालं, पण अट घातली, दोन्ही राज्यांचा सातबारा कधी एक करायचा न्हाई."

"सातबारा, तिकडं?"

"माझ्या भाषेत सांगतीया. आपलं मिटाय १७३१ उजाडलं. आदल्या साली वारणेकाठी संभाजीराजांची छावणी शाहूंच्या प्रतिनिधींनी मोडली, ताराराणी हातात सापडल्या. शाहूंनी मानानं परत धाडायची तयारी दाखवली, तर म्हणल्या, मी साताऱ्यातच ऱ्हाते."

"शानी बाई. सवतीच्या पोराच्या दारात कशाला जाईल? पुतण्या निदान ताट तरी मानानं वाढंल."

"मग कऱ्हाडाजवळ जखिणवाडीला दोघं भाऊ भेटले, तह झाला. वारणेच्या अल्याड शाहूंचं, पल्याड संभाजीचं."

"म्हंजी आपुन साताऱ्याचं."

"व्हय की. १९४९ पतुर आपला शिराळा सातारा जिल्ह्यातच व्हता. अजूनबी वारणेचा पूल उतरला की कोल्हापूर जिल्हा लागतोय."

"अन् ताराराणी? बसली गप?"

"कुठली! १७४९ ला शाहू गेले. त्याआधीच रामराजाला पुढं केलेलं, माझा नातू हाय, लपवून वाढवलाय म्हणून. गादीवर बसला, पण त्यो पेशव्याचं ऐकाय लागला, तसा साताऱ्याच्या किल्ल्यावर कोंडला."

"सख्ख्या नातवाला?"

"कोंडल्यावर म्हणल्या, ह्यो माझा नातूच न्हवं."

"मग कुणाचा गं?"